उजवीकडून ओढलेली रेघ

गल्लीत कुणी “पेंटर” अशी हाक मारली की दोन माणसं वळून बघत. एक पेंटर स्वतः आणि दुसरी त्याची बायको. तीस वर्षांत त्याने या गल्लीतली एकही पाटी दुसऱ्याला रंगवू दिली नव्हती. दवाखाना, गिरणी, शिकवणी, ‘फाटकासमोर गाडी लावू नये’, सगळं यांच्याच हातचं. पुढे छापील फलकांची मशिनं आली आणि धंदा बसला. हाताचा गर्व मात्र बसला नाही. कुठल्या पाटीवर ऱ्हस्वाचं दीर्घ झालेलं दिसलं की त्याची जेवणावरची वासना उडायची. दुकानदाराला न विचारता रंगाचा डबा घेऊन जायचा आणि दुरुस्ती करून यायचा. अशी खोड.

बायको डावखुरी. लहानपणी आईने तिचा डावा हात फडक्याने बांधून ठेवला होता. लग्नानंतर यानेच तिच्या त्या हातात कुंचला दिला. अक्षरं तो आखायचा, भरायची ती, आणि शिरोरेघ कायम तिची. डावखुरी असल्याने ती रेघ उजवीकडून ओढायची. त्यामुळे रंग उजव्या टोकाला दाट पडे आणि डावीकडे येईपर्यंत विरळ होई. येणाऱ्या-जाणाऱ्याला त्यातलं काही कळत नसे. त्याला मात्र रस्त्यापलीकडूनही ओळखू येई, आणि दर वेळी बरं वाटे.

त्यांच्या खालच्या मजल्यावर एक निवृत्त शिक्षिका एकट्याच राहत. सगळे त्यांना मास्तरीणबाई म्हणत. नाकावर माशी बसू द्यायच्या नाहीत. जिन्यातल्या चपला, गळणारा नळ, समोरच्या गॅरेजमधला रेडिओ, प्रत्येक गोष्टीवर त्यांचा सुवाच्य अक्षरातला तक्रार अर्ज सोसायटीच्या सेक्रेटरींकडे जायचा. असाच एक अर्ज पेंटरवर गेला. ओल्या पाट्या जिन्यात वाळत ठेवतात, टर्पेंटाइनच्या वासाने जीव गुदमरतो. सोसायटीने जिन्यात पाट्या ठेवणं बंद केलं. तेव्हापासून पाट्या स्वयंपाकघरात वाळू लागल्या, जेवणाला वास येऊ लागला आणि बायकोला खोकला जडला.

“यांना एक दिवस कळेल,” ती भांडी घासताना म्हणायची. पेंटर ऐकून सोडून द्यायचा. रागात माणूस काय वाटेल ते बोलतं, असा त्याचा समज.

मग बाईंच्या खिडकीतल्या कुंड्या फुटल्या. आठ दिवसांनी कडीला खरकट्याची पिशवी. मग पत्रपेटीच्या फटीत डिंक. बाईंनी तीन अर्ज लिहिले आणि चौथा लिहायचं सोडून दिलं. दार उघडण्याआधी त्या आतून “कोण?” असं दोनदा विचारू लागल्या. दूध आणायला जाणंही बंद झालं. त्यांनी अर्ज सोडले तेव्हाच गल्लीला कळायला हवं होतं की पाणी डोक्यावरून गेलंय. पण गल्लीला कधी काय वेळेवर कळलंय?

संशय सगळ्यांचा एकाच माणसावर होता, गॅरेजवाल्यावर. तोंडाचा फटकळ, रेडिओ मोठ्याने लावणारा. त्यात एकदा भर रस्त्यात बाईंना म्हणालेला, “फार दिवस नाही टिकणार तुम्ही इथे.” आता याहून पुरावा तो काय लागतो?

एके दिवशी सकाळी बाईंच्या दारावर लाल ऑइलपेंटने लिहिलेलं दिसलं: ‘बाई, मरा एकदाच्या.’

अर्धी गल्ली जिन्यात जमली. हवालदार आला. सेक्रेटरींनी पेंटरला बोलावून पुढे केलं. “तुमची हयात अक्षरांत गेली. बघून सांगा, हात कुणाचा?”

पेंटरने बघितलं. अक्षरं एका उंचीची. खाली खडूने आखलेली पुसट ओळ. मरणाचा शाप, तोही अहो-जाहो करून, स्वल्पविरामासकट. आणि शिरोरेघ उजव्या टोकाला दाट, डावीकडे विरळ.

दार अर्धवट उघडून मास्तरीणबाई उभ्या होत्या. एका हाताने कडी घट्ट धरलेली. त्या थेट त्याच्याकडेच बघत होत्या.

“शिकलेला हात नाही,” पेंटर म्हणाला. “घाईत काढलंय. रंग गॅरेजमधल्या डब्यातला वाटतो.”

गॅरेजवाला गर्दीत मागेच उभा होता. “काका,” तो म्हणाला, “माझी पाटी तुम्हीच रंगवलीत ना? रोज बघतो मी ती. असं अक्षर माझ्या बापाला तरी जमलं असतं का?”

हवालदार गॅरेजवाल्याला चौकीत घेऊन गेला. चोर सोडून संन्याशाला फाशी ती हीच, आणि दोर पेंटरने स्वतःच्या हाताने वळला होता. गर्दी पांगल्यावर त्याने दारावर रंगाचे दोन हात मारले आणि घरी आला.

बायको मोरीत कुंचला धूत होती.

“शिरोरेघ कशाला दिलीस?” त्याच्या तोंडून नेमकं हेच निघालं.

तिचा हात थांबला. ती म्हणाली, “बिनरेघेचं अक्षर उघडं दिसतं.”

“कुंड्यापण तूच?”

“मीच. जिन्यातून आपल्याला हाकललं तेव्हा कुणी एक शब्द काढला? तुम्ही तरी काढलात?” तिला खोकल्याची उबळ आली. “घाबरवायचं होतं फक्त. दाराआडून त्यांचा ‘कोण’ ऐकला की मला बरं वाटायचं. खरं सांगते, बरं वाटायचं.”

“गॅरेजवाल्याला नेलंय. नाव मी घेतलं.”

कुंचला मोरीत पडला. “मी सांगितलं होतं तुम्हाला?” ती ओरडली आणि तिथेच खाली बसली.

दुपारी तो बाईंकडे गेला. पुस्तकांची खोकी सुतळीने बांधलेली होती. भाचीकडे कायमचं जायचं ठरलं होतं.

“बाई, ते गॅरेजवाल्याचं काम नाही.”

“माहीत आहे,” बाई म्हणाल्या. “चाळीस वर्षं पहिलीचा वर्ग घेतला मी. दर वर्षी एखादं तरी डावखुरं मूल असायचंच. रेघ उजवीकडून येते. दार बघितल्याबरोबर कळलं.”

“मग तिथे बोलला का नाहीत?”

“जन्मभर तक्रारी मीच केल्या. सगळ्यांना नकोशी झाले. म्हटलं, ही एक तरी दुसरं कुणी करेल.” त्यांनी सुतळीची गाठ आवळली. “तुमच्याकडे बघत होते मी, पेंटर.”

तो तिथून चौकीत गेला. हवालदाराने कागद पुढे सरकवला, लेखी द्या म्हणाला. गल्लीभर पाट्या लिहिलेल्या माणसाला पहिली ओळ जमेना. चष्मा पुसला, पेन झटकलं, तरी जमेना. तेवढ्यात मागून खोकला ऐकू आला. बायको आली होती, अंगावर तीच रंगाने माखलेली साडी.

“सरका,” ती म्हणाली. “माझं मी लिहिते.” तिने डाव्या हातात पेन घेतलं आणि कुंड्यांपासून सगळं लिहून काढलं.

गॅरेजवाला सुटला. दोघांच्या शेजारून गेला, पण थांबला नाही. दोन दिवसांनी बाईंची खोकी टेम्पोत चढली. पेंटरची बायको माफी मागायला खाली उतरली. बाईंनी ऐकून घेतलं, “खोकल्याचं औषध घ्या,” म्हणाल्या आणि गेल्या.

गॅरेजवरची पाटी आता उतरलीय. तिच्या जागी गॅरेजवाल्याने स्वतः एका पत्र्यावर नाव लिहून टांगलंय. ओळ उतरती, अक्षरं वेडीवाकडी, ‘दुरुस्ती’मधला पहिला उकार दीर्घ आणि शिरोरेघेचा पत्ता नाही. पेंटर रोज दोनदा त्या पत्र्याखालून जातो. रंगाचा डबा घरीच असतो.