जेवन झालं का, साहेब?

वाईट बातमी उपाशीपोटी कोणाला द्यायची नाही, हा भैय्यालाल टपालवाल्याचा नेम. पोस्टखात्यानं तो त्याला शिकवला नव्हता, आणि खात्याला तो कळला असता तर त्यानं भैय्यालालला एक दिवस नोकरीवर ठेवलं नसतं. पण आमचं गाव भंडारा जिल्ह्यात, करडी गावाच्याही पुढे दोन कोस, तळ्याच्या पाळीला, म्हणजे बांधाला टेकून बसलेलं. तिथवर खात्याचा साहेब कशाला मरायला येतो?

कार्डाचा कोपरा फाटलेला असला म्हणजे कोणीतरी गेलं, एवढं तर अक्षरशत्रूलाही कळतं. असं कार्ड थैलीत निघालं की भैय्यालाल ते मागे लपवून दाराशी उभा राहायचा आणि टोपी सारखी करत विचारायचा, "जेवन झालं का जी?" झालं असेल तर कार्ड हातात. नसेल तर "बरं, मंग येतो," म्हणून पुढच्या घरी. पोटात चार घास असले म्हणजे रडायला बळ येतं, असं त्याचं म्हणणं. पण वीस वर्षांत या नेमाचा भलताच परिणाम झाला. भैय्यालालनं सहज जरी जेवणाचं विचारलं तरी गावातली माणसं पांढरी पडू लागली. धुरपताबाईनं तर एकदा त्याच्या तोंडावर दार लावलं आणि आतून ओरडली, "नाई जेवली मी! जेवतबी नाई! जाय तिकडं!" आपण जेवत नाही तोवर माहेरचं कोणी मरत नाही, असा तिचा हिशेब. दोन दिवस तिनं तो चालवला. तिसऱ्या दिवशी चुलीमागे मक्याचं कणीस खाताना धरली गेली.

अशा माणसाच्या वाट्याला १९८२ साली डॉ. मधुकरराव लांजेवार आले. मूळचे आमच्याच गावचे. नागपुरातल्या एका संशोधन संस्थेत धानावर काम करायचे. बारा वर्षं त्यांनी आपल्या जिल्ह्यातली तळी आणि बोड्या, म्हणजे शेताशेतातली लहान तळी, पालथ्या घातल्या. कोणता धान पाण्यात आठ दिवस बुडून जगतो, कोणता आपोआप उगवतो, कोणाला रोग लागत नाही, हे सगळं लिहून सात जाड वह्या भरल्या. मग काय बुद्धी झाली कोण जाणे, अणुबाँब नको असं म्हणणाऱ्या एका पत्रकावर त्यांनी सही केली, आणि वर पेपरात लेख लिहिला की शास्त्रज्ञानं अशा कामाला सरळ नाही म्हणावं. संस्थेनं खुलासा मागितला. यांनी खुलासा म्हणून आणखी एक लेख पाठवला. झालं! साहेब निलंबित, वह्या संस्थेच्या कपाटात, कपाटाला कुलूप. बायको ललिताबाई आणि एक टाइपरायटर घेऊन डॉक्टर बापाच्या घरी राहायला आले.

त्या दिवसापासून भैय्यालालच्या डोक्याचा भुगा झाला. गावात टपाल यायचं ते तीन कारणांनी: कोणी जन्मलं, कोणाचं लग्न जमलं, कोणी मेलं. डॉक्टरांच्या घरी यातलं काहीच होत नव्हतं आणि रोजची चार-पाच पत्रं मात्र जात होती. येतही होती. दिल्लीची, बंगालची, आणि महिन्यातून एक रंगीत तिकिटाचं जपानवरून. तिथला एक म्हातारा धानवाला डॉक्टरांचा जुना दोस्त होता.

एकदा न राहवून भैय्यालालनं विचारलंच, "साहेब, रोज रोज काय लिहिता जी एवढं?"

"तीनच गोष्टी," डॉक्टर म्हणाले. "धान, शांतता आणि मनातलं मोकळेपणानं बोलता येणं."

भैय्यालाल विचारात पडला. घरी येऊन त्यानं रंभाबाईला, म्हणजे आपल्या बायकोला सांगितलं, "धान तर शेतात बांधीत हाये. शांतता गावात हाये, त्यायचा तो खटखट डब्बा सोडला तर. आन बोलायले इथं कोण कोनाले मना करते? मंग हे चिठ्ठ्या कायले लिहून राहिले?"

"तुमाले तरी मी कुठं मना करते," रंभाबाई म्हणाली, "पन जेवताना तरी गप राहा."

पुढच्या वर्षी, ऐन धानाच्या रोवणीत, सहा ऑगस्टला डॉक्टरांनी जेवण सोडलं. जपानमधल्या एका शहरावर बाँब पडला तो हा दिवस, एवढं भैय्यालालला समजलं. दरवर्षी त्या दिवशी ते उपास करायचेच. पण या खेपेला त्यांनी संस्थेला पत्र पाठवलं होतं: माझ्या वह्या परत देता की नाही ते कळवा, तुमचं उत्तर येईपर्यंत मी लिंबू-पाण्यावर राहीन. पत्र भैय्यालालच्याच हातानं गेलं होतं. म्हणजे उपासाची गोष्ट त्याला ठाऊक होती. फक्त ते उत्तर कसं दिसेल, हे ठाऊक नव्हतं.

उपासाच्या चौथ्या दिवशी तो पोस्टात गेला. पोस्ट म्हणजे पोस्टमास्तर मारोतरावांच्या किराणा दुकानातला एक टेबल. एका बाजूला गूळ, दुसऱ्या बाजूला ठप्पा, आणि मागच्या खांबाला बकरी. मारोतरावांनी त्याच्यासमोर एक लांब खाकी लिफाफा सरकवला आणि एकदम गुळाच्या माश्या हाकायला लागले. लिफाफ्यावर डॉक्टरांचं नाव इंग्रजीत. आणि उजव्या हाताचा वरचा कोपरा साफ गायब, तिकिटासकट.

"मास्तर, हा कोपरा..."

"तसाच आला."

"म्हंजे कोनी गेलं का?"

मारोतरावांनी गुळाच्या ढेपेवर फडकं टाकलं. मग म्हणाले, "असंन बाप्पा कोनी. मी काय उघडून पाह्यलं? तू आपल्या पद्धतीनं दे."

भैय्यालाल सायकल हातात धरून उभाच राहिला. एवढा मोठा लिफाफा, म्हणजे माणूसही मोठा. तिकीटच नाही, तर गाव कसं कळणार? त्याला तो जपानचा म्हातारा आठवला. गेल्या पत्रापासून त्याला बरं नव्हतं, असं डॉक्टर बोलले होते. झालं, दुसरं कोण असणार!

तो डॉक्टरांच्या दारात गेला. डॉक्टर ओसरीत खाटेवर बसून टाइप करत होते.

"आलं का रे काही?"

भैय्यालालनं टोपी सारखी केली. "जेवन..." असं तोंडातून निघालं आणि त्यानं जीभ चावली. "नाई जी. काई नाई."

वीस वर्षांच्या नोकरीतलं हे त्याचं पहिलं खोटं. पुढे निघाला खरा, पण सायकलचं हँडल कुठे वळतंय याचा त्याला पत्ता नव्हता. साहेब जेवल्याशिवाय पत्र देता येत नाही. साहेब उत्तर आल्याशिवाय जेवत नाहीत. उत्तर तर संस्थेचं यायचं आहे, ते येत नाही. आणि आपल्या थैलीत मयताचं पत्र. चार दिवसांच्या उपाशी माणसाला ते दिलं आणि काही झालं तर? त्यानं गोष्ट उलटी करून पाहिली, सुलटी करून पाहिली. तळ्याच्या पाळीवर बसून पुन्हा पाहिली. कुठूनही पकडली तरी शेपूटच हातात येत होतं.

संध्याकाळी रंभाबाईनं तांदळाची पेज भरून गडवा दिला. तो घेऊन भैय्यालाल डॉक्टरांकडे. "साहेब, पेज काई जेवन नोहे जी. पानीच समजा."

"पाणी असेल तर तू पी," डॉक्टर हसून म्हणाले.

पाचव्या दिवशी त्यानं ललिताबाईंना गाठलं. "बाई, साहेबाले एक घास चारा ना. एकच. मंग मी पाहून घेतो."

"मंग तुम्ही काय पाहणार भैय्यालालभाऊ?" त्या बारीक डोळे करून म्हणाल्या. "आणि कालपासून तुम्ही थैली छातीशी धरून काहून फिरून राहिले?"

"काई नाई, खांदा दुखते," म्हणून हा पसार.

सहाव्या दिवशी टाइपरायटर वाजला नाही. भैय्यालालला गल्लीच्या तोंडाशीच ते जाणवलं. ज्या खटखटीला वर्षभर नावं ठेवली ती नाही म्हटल्यावर त्यानं सायकल तिथंच भिंतीला टेकवली. ओसरीत डॉक्टर आडवे पडले होते. ओठ सुकलेले, आवाज खोल. उशाखालून एक हातानं लिहिलेलं पत्र काढून ते म्हणाले, "हे संस्थेला. ते लोक उत्तर देत नाहीत, भैय्यालाल. साधं 'नाही' असंही लिहीत नाहीत. हे माझं शेवटचं. रजिस्टर कर."

भैय्यालालनं पत्र घेतलं आणि तिथंच खाली बसला. "साहेब, एक घास खा. तुमच्या पाया पडतो. एक घास खाल्ला की मी सांगतो."

"काय सांगतोस?"

"आदी घास."

ललिताबाई आतून आल्या त्या सरळ थैलीशीच. लिफाफा त्यांच्या हातात गेला तसा हा ओरडला, "बाई, नका देऊ! ते जपानवाले गेले!"

"कोण गेलं?" डॉक्टर ताडकन उठून बसले. उपाशी माणूस एवढ्या वेगानं उठलेला गावानं पाहिला नव्हता.

ललिताबाई मॅट्रिक झालेल्या. त्यांनी पत्र उघडलं, एकदा वाचलं आणि कपाळावर हात मारला. "कोणी नाही गेलं. संस्थेचं आहे. लिहिलंय, आपल्या सात नोंदवह्या परत करण्यात येत आहेत. वर टाकलेल्या हजेरीच्या दिनांकास समक्ष येऊन घेऊन जाव्यात. त्यानंतर विनंतीचा विचार होणार नाही."

"दिनांक कोणता?"

ललिताबाईंनी कागद वर धरला. सरकारी पत्रात दिनांक कुठे टाकतात? उजव्या हाताच्या वरच्या कोपऱ्यात. आणि तो कोपरा लिफाफ्याबरोबर कधीच गेला होता. फाटलेल्या कडेला बारीक दातांचे ठसे होते.

मारोतरावांना बोलावणं गेलं. मारोतराव आले, कागद पाहिला, आणि घाम पुसत म्हणाले, "त्या खाकी लिफाफ्याले पिठाची खळ राह्यते जी. बकरीले तिचा वास... मी पाठ फिरवली आन..."

"अन् तुम्ही मले म्हनलं, असंन कोनी मेलं!" भैय्यालाल तडकला.

"मी 'असंन' म्हनलं बे! 'मेलं' तू म्हनलं!"

"भांडण मंग करा," डॉक्टर म्हणाले. "पत्र आलं कधी?"

ओसरीत एकदम शांतता झाली. हीच ती शांतता असेल तर, भैय्यालालला वाटलं, साहेब तिच्यासाठी एवढे कागद काहून खराब करून राहिले? "चवथ्या रोजी," तो म्हणाला. "तुमी जेवले नव्हते ना साहेब. म्हनून ठेवलं."

डॉक्टरांनी त्याच्याकडे एकदा पाहिलं. रागावले नाहीत, हसलेही नाहीत. मग म्हणाले, "ललिता, उत्तर आलंय. पेज आण."

दुसऱ्या दिवशी पहिल्या एस.टी.नं डॉक्टर नागपूरला निघाले. अंगात जोर नाही म्हणून सोबत भैय्यालाल, रजा टाकून. तारीख उद्याची होती, आजची होती की कालच उलटली, कोणाला माहीत! संस्थेतल्या बाबूनं कागद पाहिला आणि सवयीनं म्हणाला, "मुदत संपली."

"कोनती मुदत जी?" भैय्यालाल पुढे झाला. "दाखवा ना, कुठं लिहिली हाये."

बाबूनं फाइल काढली. कार्यालयाच्या प्रतीत 'हजेरीचा दिनांक' असं छापलेलं होतं आणि पुढे मोकळी जागा. तारीख हातानं टाकायची ती मूळ पत्रावर टाकली, प्रतीवर राहून गेली. म्हणजे जगात ती तारीख एकाच ठिकाणी होती, आणि ते ठिकाण मारोतरावांच्या खांबाला बांधलेलं होतं. बाबू वरच्या साहेबाकडे गेला, साहेब आणखी वर गेले, सगळे मिळून तासभर गोंधळले. शेवटी कंटाळून त्यांनी कपाट उघडलं. पावतीवर एक ओळ अशी होती की यापुढे मी कोणत्याही जाहीर पत्रकावर सही करणार नाही. डॉक्टरांनी ती ओळ खोडली, खाली सही केली आणि कागद परत सरकवला. बाबूनं फक्त सही पाहिली.

परतताना भंडाऱ्याच्या स्टँडवर दुसऱ्या गाडीची वाट पाहत दोघं बसले. सात वह्या भैय्यालालच्या मांडीवर. त्याच्या मनात एकच: आपण दोन दिवस पत्र दाबलं. साहेबांनी खात्याला दोन ओळी लिहिल्या की आपण घरी. आणि हा माणूस तर रोज लिहितो!

तेवढ्यात डॉक्टर त्याच्याकडे वळून म्हणाले, "भैय्यालाल, जेवण झालं का तुझं?"

भैय्यालालनं मांडीवरच्या वह्या घट्ट धरल्या. आत्ताच त्यानं कॅन्टीनमध्ये दोन प्लेट आलुबोंडे खाल्ले होते. "नाई साहेब!" तो म्हणाला. "आन भूकबी नाई."

डॉक्टर काहीतरी बोलणार होते. गाडी लागली आणि राहिलं.

त्यानंतर आठ दिवसांनी डॉक्टरांच्या रोजच्या गठ्ठ्यात एक पत्र भंडाऱ्याच्या पोस्टाच्या मोठ्या साहेबाच्या नावे निघालं. मारोतरावांनी पत्ता वाचून दाखवला, आणि दोघं टेबलाच्या दोन बाजूंनी त्याच्याकडे पाहत राहिले.

"बकरीले देऊ का?" मारोतराव हळूच म्हणाले.

भैय्यालालनं ते उचललं, खालीवर केलं, वास घेतला. तक्रार आहे, शिफारस आहे, की धानाबद्दलच काही आहे? त्याला काही समजेना. पण आता एकही पत्र आपल्या हातानं अडवायचं नाही, एवढं मात्र समजत होतं. त्यानं स्वतः ठप्पा मारला आणि ते थैलीत टाकलं.

त्या पत्राचं काय झालं ते अजून कोणाला कळलेलं नाही. डॉक्टर भेटले की विचारतात, "काय भैय्यालाल, जेवलास का?" आणि तो म्हणतो, "व्हायचं हाये जी अजून." हिशेब धुरपताबाईचाच, पण आता त्याला खोटं बोलायचं नाही. म्हणून रंभाबाईनं कितीही बोंब मारली तरी तो दोन्ही वेळा ताटात शेवटचा एक घास तसाच ठेवून उठतो.