रामसिंग ड्रायव्हरचं दहाचं कार्ड

रामसिंग आडे यांनी आयुष्यभर ट्रक चालवला आणि आयुष्यभर शिव्या खाल्ल्या, त्या हळू चालवल्याबद्दल. नागपूर-हैदराबाद रस्त्यावर जो कोणी त्यांच्या मागं अडकला, त्याला त्यांच्या फाळक्यावरचा मजकूर तोंडपाठ झाला. भरली गाडी चाळीसच्या वर नेणं हा निव्वळ माज आहे, असं त्यांचं मत होतं, आणि मत बदलायची त्यांना सवय नव्हती. गाडी त्यांनी कधी ठोकली नाही. पुढं डोळ्यांत काचबिंदू निघाला, तेव्हा आपणहून मालकाच्या हातात किल्ली ठेवली आणि पांढरकवड्याजवळच्या बंजारा तांड्यावर घरी येऊन बसले.

घरी सुखीबाई होत्या. त्या कायम घरीच होत्या, हीच त्यांची तक्रार होती. लग्न नवं असताना रामसिंगांनी शब्द दिला होता, की एक खेप तुला माझ्या गाडीत बसवून हैदराबादला नेईन. मग कधी माल घाईचा निघाला, कधी मालक नको म्हणाला, कधी बबिता पोटात होती, कधी कापूस वेचणीला आला. गाडी चालवणं सुटल्यावर रामसिंग मोठ्या मनानं म्हणाले, "चाल, आता बसनं जाऊ."

"बसनं तं कोनीबी जाते," सुखीबाई म्हणाल्या. "मले हैदराबाद नाई पाहाचं. तुमच्या गाडीत बसाचं होतं. आपल्या आज्या-पणज्या बैलाइवर मीठ लादून नवऱ्यासंग देश फिरल्या. टरक आला अन् बाया घरी बसल्या."

रामसिंग उठले आणि बैलाला वैरण टाकून आले. बैलाचं नुकतंच खाऊन झालं होतं.

दिवाळीला पुण्याहून बबितानं हातात धरून खेळायचं एक यंत्र पाठवलं. मधे पडदा, दोन्ही बाजूंना अंगठ्यानं फिरवायची बटणं, आणि आत ट्रकचा गेम. रामसिंगांनी आधी हसून घेतलं. मग डिझेलचा काटा कुठं आहे ते विचारलं.

"बा, यात आपला नागपूर-हैदराबादचा रस्ता बी हाये," बबिता फोनवर म्हणाली. "पण तो लय मोठा हाये, मशीनच्या पोटात मावत नाई. एक मेमरी कार्ड आना. फास्टवालं आना, नाई तं गाडी जागोजागी थांबते."

रामसिंग फोन ठेवून सुखीबाईंकडं वळले. "तयारीत राह्यजो. तुले गाडीत बसवतो."

"कोनत्या?"

त्यांनी यंत्र पुढं केलं. सुखीबाईंनी ते उलटसुलट करून पाहिलं. नवऱ्याचा शब्द एवढासा होऊन आलेला पाहून त्यांना हसू आलं नाही, वाईटच वाटलं. पण त्या नाही म्हणाल्या नाहीत. "एक डाव बसीन. एकच. अन् थांबत-रखडत गेली तं उठून जाईन."

दुसऱ्या दिवशी रामसिंग पांढरकवड्याला स्वानंदच्या मोबाईलच्या दुकानात गेले. स्वानंदचे आजोबा कोर्टात कारकून, वडील तहसिलीत. आलेल्या माणसाला नियम समजावून सांगायचं वळण घराण्यातच होतं. त्यानं काचेवर तीन कार्डं मांडली.

"काका, हे दहाचं, हे तीसचं, हे नव्वदचं. आकडा जितका मोठा, तितकं कार्ड पळते."

"नव्वद?" रामसिंगांच्या कपाळाला आठ्या पडल्या. "भरल्या गाडीले?"

"नव्वद तुम्हाला नकोच. तुमच्या मशीनची खाचच तेवढं पळू देणार नाही, पैसे फुकट जातील. तीसचं न्या, मस्त चालते."

"घाटात?"

"काका, कार्डाला घाट नसतो."

"काहून नसते? रस्त्यात निर्मलचा घाट हाये नं." रामसिंगांनी तीनही कार्डं डोळ्यांजवळ नेऊन पाहिली. "तीस ठीक हाये, पण मी एकटा असलो तं. दहाचं द्या. बायको बसनार हाये."

स्वानंदनं हात जोडले. "आकडा ट्रकच्या वेगाचा नाही हो. कार्डातून रस्ता किती भराभर बाहेर येतो, त्याचा आहे. दहाच्या कार्डानं गेम अडखळेल."

"गाडी ठोकनारे सारे असंच सांगतेत, का आकड्यानं काई होत नाई," रामसिंग म्हणाले आणि दहाचं कार्ड खिशात घालून निघाले.

दुपारची जेवणं झाल्यावर गाडी निघायची ठरली. सुखीबाईंनी लग्नाकार्यातली आरसे लावलेली कांचळी चोळी घातली, फडक्यात भाकरी बांधून घेतल्या आणि खाटेवर डाव्या अंगाला, क्लीनरच्या जागी, नीट मांडी घालून बसल्या. रामसिंगांनी गाडी काढली. गेमवाल्यानं पांढरकवड्याच्या दोन्ही बाजूंना नारळाची झाडं लावली होती. दोघांनीही त्याबद्दल काही बोलायचं टाळलं.

थोडं पुढं, पाटणबोरीला, ट्रक थांबला. पडद्यावर एक चक्र फिरू लागलं आणि फिरतच राहिलं. सुखीबाईंनी उठायला गुडघ्यावर हात ठेवला.

स्वानंद खरं सांगत होता, हे रामसिंगांना तेव्हा कळलं. एवढ्या वर्षांनी बायको गाडीत बसली, आणि ती पाटणबोरीलाच उतरणार. काहीतरी बोलायला हवं म्हणून ते बोलले.

"इथं... इथं ढाबा होता. सारे जेवाचे अन् मी तुह्या भाकरीचं फडकं सोडाचो. वाळून कडक झाली राहे. पान्यात बुडवून खाचो."

"मंग सांगतलं काहून नाई?" सुखीबाई म्हणाल्या. "तेल लावून देल्ली असती." त्यांनी गुडघ्यावरचा हात काढला.

ट्रक चालू झाला. पैनगंगेच्या पुलावर पुन्हा थांबला.

"अन् इथं काय?"

"इथं बबिता झाल्याचं कळलं. समोरून येनाऱ्या ड्रायव्हरनं सांगतलं. मी पुलावरच गाडी उभी करून रडलो. मांगं लाईन लागली."

"रडले?" सुखीबाईंनी मान वळवून त्यांच्याकडं पाहिलं. "मले तं म्हनलं होतं, डोळ्यात धूळ गेली."

"धूळ बी होती."

निर्मलच्या घाटात चक्र सर्वांत जास्त वेळ फिरलं. सुखीबाईंनी नवऱ्याला कोपरानं ढोसलं.

"इथं काई नाई," ते पडद्याकडं बघतच म्हणाले. "इथं दर खेपेले बाजूच्या सीटकडं पाहाचो. क्लीनर झोपला राहे."

सुखीबाईंनी फडकं सोडलं आणि अर्धी भाकरी मोडून नवऱ्याच्या हातावर ठेवली. भाकरी मऊ होती.

ऊन कललं तरी हैदराबाद आलं नव्हतं. तेवढ्यात स्वानंदचा फोन आला. "काका, अडकतो ना गेम? उद्या या, तीसचं बदलून देतो."

रामसिंगांनी चोरासारखं बायकोकडं पाहिलं. सुखीबाईंनी फोन स्वतःच्या कानाला लावला.

"राहू द्या, स्वानंदभाऊ. चांगलं हाये हे कार्ड. जागोजागी थांबते."

"म्हणून तर म्हणतो काकू, बदलून—"

"थांबते तवाच हे बोलतेत," सुखीबाई म्हणाल्या आणि फोन ठेवून दिला. मग पदर सावरून पडद्याकडं वळल्या. "चाला, सुरू झाली. हळू काढजा."