चमच्याचं पोट

“पोट बघावं लागतं, ताई,” असं म्हणून काका चमचा पालथा करायचे आणि त्याच्या फुगीर पाठीवरून अंगठा फिरवायचे. नजर मात्र रस्त्यावर. बघायचं काम अंगठ्याचं.

कर्जतच्या बाजारात माझं भांड्यांचं दुकान आहे. चमचे घेणारी माणसं तुम्हीही पाहिली असतील. बायका वजन बघतात, पुरुष काहीच बघत नाहीत. अर्धा तास चिवडून एकच चमचा घेणारं गिऱ्हाईक मला परवडत नाही, हे मी काकांना पहिल्याच दिवशी सुनावलं. त्यांनी मागच्या मोडीच्या ढिगाकडे बोट दाखवलं. नव्याच्या बदल्यात लोक जुनी भांडी देतात, त्यांचा ढीग.

“त्यातला चालंल. वापरलेला चमचा हाताला कळतो.”

रसायनीच्या एका कारखान्यात ते फिटर होते. निवृत्त होऊन कळंबजवळच्या आपल्या गावी परतले होते. चमच्यापासून ते मासे धरायची फिरकी बनवत. दांडा कापून टाकायचा, वाटीला बारीक भोक पाडायचं, ती सायकलच्या तारेत ओवायची. मागे शिशाचा तुकडा, एखादा काचमणी आणि शेवटी तीन तोंडांचा गळ, लाल लोकरीचा झुबका बांधलेला. पाण्यातून ओढली की वाटी तारेभोवती गरगरते, चमकते. मोठ्या माशाला वाटतं, छोटा मासा पळतोय.

तयार फिरकी ते माझ्या दुकानामागच्या पाण्याच्या पिंपात ओढून बघत. फिरली नाही तर तिच्याशी नव्या सुनेशी बोलावं तसं बोलत. “चल गं, लाजतेस काय?” मग हातोडीने दोन ठोके, की बाई फिरायला लागायची.

शेताच्या खालच्या अंगाला त्यांचं बारमाही तळं होतं, मरळ माशांचं. अधूनमधून मला एखादी मरळ आणून देत. पावसाळ्यात मात्र नाही. का, तर तेव्हा मरळीला पिल्लं होतात. लाल पिल्लांचा घोळका पाण्यावर खेळतो आणि आईबाप खाली पहारा देतात. त्या घोळक्यातून फिरकी ओढली तर मरळ हमखास तोंड घालते, भुकेने नव्हे, पिल्लांजवळ कोण आलं म्हणून.

“त्या मरळीला गळ टाकायचा नाय,” काका म्हणायचे. “आईबाप गेले की संध्याकाळपातूर एक पिल्लू उरत नाय. बाकीचे मासे टपलेलेच असतात.”

पुढे त्यांच्या मुलाने तळ्याकाठी तंबू ठोकले. शनिवार-रविवार मुंबईची माणसं यायला लागली. तळ्यात मासे धरा, तेही हाताने बनवलेल्या फिरकीने, ही जाहिरात. सुरुवातीला काका खूश होते. पोरगा म्हणतो बाबांच्या फिरकीचं नाव झालं, असं मला सांगायचे आणि मूठभर चमचे न्यायचे.

पावसाळा आला. मुलाने पाहुण्यांना लाल घोळका दाखवला आणि तिथेच टाका म्हणाला. दर फेकीला मरळ. आधी फोटो, मग शेगडी. काकांनी त्याला समजावलं. तो चारचौघांत म्हणाला, “बाबा, लोक मासा धरायला येतात, त्याचा संसार बघायला नाही.” हे वाक्य काकांनी मला दोनदा सांगितलं, दोन्ही वेळा हसत. ते हसणं बघवत नव्हतं.

त्यानंतर ते आले तेव्हा ढिगातले वरचे चमचे उचलून निघाले.

“आज पोट नाही बघितलंत?”

“आता काय करायचंय बघून.” पिशवीतून त्यांनी एक नवी फिरकी काढली आणि पिंपातून ओढली. सुबक, झुबकेदार फिरकी. वाळक्या पानासारखी सरळ आली. वाटी हललीसुद्धा नाही.

“जरासं पोट दाबलंय. दिसतं का?”

नाही, म्हटलं.

“पोरालापण दिसत नाय.”

वर्षभर पाहुण्यांना एक मासा लागला नाही. काका मात्र बातम्या आणायचे. औंदा दोन घोळके, परवा वडाखाली तिसरा. नातवंडं झाल्यासारखा चेहरा. मुलाने वेगळा हिशेब केला. तळ्यातले मासे संपले, तर तळं ठेवून करायचं काय? पंपाने उपसायचं, निळ्या फरश्या बसवायच्या, पोहायचा तलाव करायचा.

“बोललो तर गळानं जातील, न बोललो तर पंपानं,” काका म्हणाले. मी म्हटलं, बोलू नका, उचला. निदान थोड्या मरळी शेजारच्या बंधाऱ्यात नेऊन सोडा. मरळ उडी मारते, म्हणून मी झाकणाचे दोन मोठे डबे काढून दिले. झाकण घट्ट बसतं का, हे त्यांनी अंगठ्याने तपासलं आणि रिक्षात बसले.

पुढचं मला मुलाने सांगितलं, ताटं घ्यायला आला तेव्हा. काकांनी डबे नेले त्याच सकाळी त्याने पंप सुरू केला होता.

“चिखलात ही मरळ, काकू! पाहुण्यांनी हाताने धरल्या. आणि बाबा कुठूनसे नेमके दोन डबे घेऊन आलेले. म्हटलं बरं झालं बाबा, आणा इकडे. त्यातच भरल्या सगळ्या.”

काका नंतर दुकानात आले नाहीत. बाजारात एकदा समोरून आले, मान हलवून पुढे गेले. त्या थंडीत वारले.

गेल्या महिन्यात मुलगा त्यांची हत्यारांची पेटी घेऊन आला. करवत, हातोडी आणि खाली फिरक्या, वर्षानुवर्षांच्या, काहींची लोकर विटून पांढरी पडलेली. मी एक उचलून मागे पिंपाशी गेले आणि ओढली. फिरली नाही. दुसरी आणली. मग पेटीच उचलून नेली. त्यांच्या स्वतःच्या, पहिल्यापासूनच्या फिरक्यांचीसुद्धा पोटं त्यांनी ठोकून सपाट केली होती.

“मोडीत घ्याल ना, काकू?” मुलगा बाहेरून विचारत होता.

मी पेटी पुसली आणि काट्यावर ठेवली.