जाऊबाईंची सिंह रास

मी सून म्हणून त्या घरात आले तेव्हा माझं अंथरूण कुठं घालायचं हे जोशीबुवा ठरवत. खोटं नाही सांगत. सोलापुरात नव्या पेठेच्या मागच्या गल्लीत आमचं बिऱ्हाड होतं. रोज सकाळी जोशीबुवा ओसरीवर येऊन बसत, पंचांग उघडून तिथी-वार सांगत आणि मग घरातल्या एकेकाचं राशीवरून दिवसाचं भविष्य. कुणी प्रवास टाळायचा, कुणी कपाळाला चंदन लावायचं, कुणी कुणाशी वाद घालायचा नाही. सासूबाई त्यातलं अक्षरन् अक्षर पाळायला लावत.

थोरल्या जाऊबाईंची रास सिंह. त्यांना नेहमी ‘गृहसौख्य’, ‘पतीकडून गोड शब्द’. माझी कुंभ. मला ‘मौन पाळावे’, ‘पतीपासून दूर राहणे हिताचे’. असं निघालं की माझं अंथरूण सासूबाईंच्या खोलीत. लग्नाला दोन महिने झाले नव्हते, आणि गिरणीच्या कचेरीत कारकून असलेला माझा नवरा मला फक्त ताट वाढताना दिसे. जाऊबाई सकाळी अबोली माळून घरभर फिरायच्या तेव्हा माझा नुसता जळफळाट व्हायचा. त्यांनी माझं काही वाकडं केलं नव्हतं. उलट माझ्या वाटणीची भांडीसुद्धा त्याच घासून टाकायच्या. त्याचा तर मला जास्तच राग यायचा.

एकदा जोशीबुवा बोलता बोलता म्हणाले, आम्हां सुनांच्या राशी ते लग्नात ठेवलेल्या नावावरून धरतात. मी कान टवकारले. माझं माहेरचं नाव ‘म’वरचं, तेही जन्मनक्षत्र बघून ठेवलेलं. म्हणजे मी मुळातली सिंह. सासरी तांदळात ‘स’वरचं नाव लिहिलं आणि मी कुंभेत जाऊन पडले.

मी करकंबला वडिलांना पत्र घातलं. ते शाळामास्तर, सगळं जपून ठेवणारे. आठवड्यात पत्रिका आली. जोशीबुवांनी ती पाहिली आणि मान डोलावली. सिंहच. आता दोघी सिंह, दोघींना एकच फळ, असं म्हणून ते मोकळे झाले. तिथं मी गप्प बसायला हवं होतं. पण मला मिळून माझं भागत नव्हतं, त्यांचं जायला हवं होतं. मी पदर सारखा करत म्हणाले, “माझी जन्मरास धरता, तर जाऊबाईंचीही जन्मरासच धरा की.”

जाऊबाई शिध्याचं सूप घेऊन दारात उभ्या होत्या. आईबाप लहानपणीच गेलेले, मोहोळला चुलत्याकडं वाढलेल्या.

“माजी पत्रिका कुनी मांडलीच न्हाय,” त्या म्हणाल्या. “कंच्या साली जन्मले त्ये बी कुनाला ठावं न्हाय.”

मला लाज वाटायला हवी होती, पण मनातून मला बरंच वाटलं. सासूबाईंनी निकाल दिला, की मग तिचं वाचूच नका.

दुसऱ्या दिवसापासून सिंहेचं भविष्य एकट्या माझं. पंधरा दिवस मी अबोली माळली. मग कुठला तरी ग्रह फिरला आणि सिंहेला ‘उष्णतेचा विकार, पतीपासून दूर राहणे हिताचे’ सुरू झालं. माझं अंथरूण पुन्हा होतं तिथं गेलं.

जाऊबाईंना मात्र आता रासच नव्हती, त्यामुळे कसली मनाईही नव्हती. एके सकाळी जोशीबुवांनी मला उंबऱ्याबाहेर पाऊल टाकू नको म्हणून सांगितलं, आणि त्याच दिवशी थोरले भावजी जाऊबाईंना नव्या पेठेत इरकली लुगडं घ्यायला घेऊन निघाले. जाता जाता त्या माझ्यापाशी थांबल्या.

“तुजे लई उपकार झाले बघ,” त्या हळूच म्हणाल्या. “रोज सकाळी छातीत धडधडायचं, आज काय निगतंय म्हनून. त्ये तू सोडवलंस.”

त्या मनापासून बोलत होत्या. त्या दिवशी मी भरल्या ताटावरून उठले. सासूबाई म्हणाल्या, उष्णता वाढलीय, आणि त्यांनी मला सब्जाचं पाणी प्यायला लावलं.