ताईचा कान

कोऱ्या सुती लुगड्याच्या खळीचा वास आला की मी अजूनही सोनेगावच्या विमानतळाच्या तारेच्या कुंपणापाशी जाऊन पोचतो.

स्वातंत्र्यानंतरची पहिली वर्षं. मुंबईहून कलकत्त्याला जाताना मी नागपूरला उतरलो होतो. 'तुला भेटायला येतो,' असं ताईला लिहिलं होतं; खरी ओढ होती पत्रांतून ओळख झालेल्या दोन विमानवेड्यांची. कोवळ्या उन्हात आम्ही वह्या घेऊन उभे होतो, तेवढ्यात ताई डबा घेऊन आली. हातमागावरून उठून तशीच आलेली, लुगड्याला खळ लागलेली. मी तिची ओळख करून दिली नाही.

चांदीच्या माशासारखं डाकोटा विमान वर गेलं. आम्ही नंबर टिपत होतो. ताई डोळे मिटून ऐकत राहिली.

"एका बाजूचा ठोका चुकून राहिला गा. धागा तुटाच्या आधी आपला माग असाच वाजते."

मित्र हसले. मीही हसलो.

थोड्याच वेळात विमान परत येऊन अलगद टेकलं. त्याचा एकच पंखा फिरत होता.

"या कोण?" एका मित्राने हळूच विचारलं.

मी वहीत नंबर तपासू लागलो. ताईने माझ्याकडे पाहिलं.

"डबा द्याले आली होती, जी," म्हणत ती परत निघाली.

तेव्हा मला हायसं वाटलं होतं.