सर्व्हरवाले काका

आमच्या खालापूरच्या ड्रॉइंग ऑफिसला सर्व्हर निवडून देणारे काका बोलण्याआधी शर्टाच्या टोकाने चष्मा पुसतात. आमच्याकडे ड्रॉइंग काढणाऱ्या सुरेखाला कोंडाणे गावी आजारी आईजवळ बसून, जुन्या लॅपटॉपवरून ऑफिसचं कॅड, म्हणजे ड्रॉइंगचं सॉफ्टवेअर, चालवता यावं, एवढंच मला हवं होतं. चाचणीत काकांनी सगळ्यांना एकदम स्क्रीनवरचं थ्रीडी मॉडेल फिरवायला लावलं. चित्र अडकलं.

चष्मा पुसून म्हणाले, "माजंच चुकलं. ग्राफिक्स कार्ड मोठं पायजे."

स्वतःच सुचवलेलं मशीन त्यांनी परत नेलं. मी वैतागलो होतो.

दुसरं बसवल्यावर ते तपासायला थेट कोंडाण्याला गेले. सुरेखाचा फोन आला.

"सर, मॉडेल मस्त फिरतंय. पण काका उठत नायत. म्हणतात, आईला औषध देऊन ये, परत आल्यावर काम सोडलं होतं तिथंच सापडतंय का बघू."