काळजीचा तिसरा अर्ज

'काळजी' हा शब्द मला आता ऐकवत नाही. आमच्या विद्यापीठात तो इतक्या वेळा आणि इतक्या गोड तोंडाने म्हटला जातो की खाल्लेलं वर येतं. भिंतीवर काळजी, कॉफीच्या कपावर काळजी, आणि प्रत्येक पोराच्या फोनमध्ये एक हिरवं बटण: 'मला कुणाची तरी काळजी वाटते.' बटण दाबलं की अर्ज उघडतो, आणि अर्ज आला की आम्ही निघतो.

आम्ही म्हणजे डोरीन कुबियाक आणि मी. पूर्वी ओहायोतल्या या विद्यापीठात कुणी पोर खोलीत कोंडून घेऊन बसलं, किंवा वर्गात रडायचं थांबेना, तर पोलीस जायचे. एकदा असल्याच एका पोराला त्यांनी बेड्या घालून नेलं, पेपरात बोंबाबोंब झाली, आणि आमची तुकडी तयार झाली. एक समुपदेशक आणि एक रुग्णवाहिकेवरचा माणूस. तो माणूस मी, वॉरेन. नाडी बघायची, रक्तदाब घ्यायचा, गाडी चालवायची. बोलायचं काम डोरीनचं.

डोरीन एकोणसाठ वर्षांची होती. टोलेडो शहरातल्या, पोलंडहून आलेल्यांच्या वस्तीतली, बाप काचेच्या कारखान्यात. जिल्ह्याच्या मानसोपचार दवाखान्यात तिने एकोणीस वर्षं आयाचं काम केलं, मग चाळिशी उलटल्यावर शाळेत परत जाऊन समुपदेशक झाली. कोटाच्या एका खिशात खारी बिस्किटं, दुसऱ्यात लोकरी मोजे. "घाबरलेल्या माणसाचे पाय आधी गार पडतात," म्हणायची. खोलीत शिरली की गळ्यातलं ओळखपत्र काढून खिशात टाकायची आणि थेट जमिनीवर बसायची. गुडघे दोन्ही कामातून गेलेले. उठताना मला हात द्यावा लागायचा, आणि तेव्हा ती पोलिशमध्ये जे पुटपुटायची त्याचा अर्थ तिने मला कधी सांगितला नाही.

तिची एक खोड वरच्यांना खटकायची. समोरच्याला प्रश्न विचारण्याआधी ती उत्तराचे परिणाम सांगायची. "तू हो म्हणालीस तर मला हे लिहावं लागेल. लिहिलं की अमुक होईल. आता विचारू?" आमच्या सहायक डीन व्हिटलॉकबाईंनी तिला दोनदा समज दिली. आधी सांगितलं तर पोरं खरं बोलत नाहीत, असं त्यांचं म्हणणं. डोरीन म्हणाली, "आणि नंतर सांगितलं तर पुन्हा कधीच बोलत नाहीत."

शेल्बी ओडमच्या नावाने पहिला अर्ज आला तो ऑक्टोबरात. मुलगी मिसुरीच्या दक्षिणेकडच्या एका खेड्यातली, शिष्यवृत्तीवर आलेली. चौघींच्या घरात राहायची आणि विद्यापीठाच्याच खानावळीत पहाटेपासून कोंबडी तळायची. आम्ही गेलो तर ती झोपली होती, पहाटे चारला उठणारं माणूस दुपारी झोपणारच. केसांना तळणाच्या तेलाचा वास होता. आजी गेल्यापासून कधीकधी न्हाणीघरात रडते, म्हणाली. डोरीनने अर्धा तास गप्पा मारल्या आणि कागदावर लिहिलं: धोका नाही, आजी गेली आहे.

दुसरा अर्ज तीन आठवड्यांनी. तेच घर, तीच मुलगी, पुन्हा काही नाही. पण आता शेल्बी दाराच्या आवाजाने दचकायला लागली होती. "मी काय केलंय?" तिने विचारलं. डोरीनने खिशातून बिस्किटं काढून तिच्यापुढे धरली.

तिसरा अर्ज नोव्हेंबरातल्या एका शुक्रवारी आला. एका सत्रात तीन अर्ज झाले की नियम बदलतो. मग समुपदेशकाने तो एकच प्रश्न विचारायचा, जीव द्यावासा वाटतो का, आणि हो किंवा नाही लिहायचं. 'हो' लिहिलं की विद्यार्थ्याला त्याच दिवशी घरी पाठवतात. काळजीपोटी. सत्र गेलं, खोली गेली, शेल्बीच्या बाबतीत शिष्यवृत्तीही गेली. आणि मिसुरीत आता आजी नव्हती. होता तो आईचा नवरा, आणि त्याच्याविषयी ती बोलायची नाही, नुसती बाही ओढून घ्यायची.

आम्ही पोचलो तेव्हा बाकीच्या तिघी बैठकीच्या खोलीत ओळीने बसल्या होत्या. त्यांची म्होरकी पेटन. दात मोत्यासारखे, आवाज मधासारखा. "आम्हाला तिची खूप काळजी वाटते. ती एकटी नाही हे तिला कळावं एवढीच आमची इच्छा आहे. आम्हाला वाटतं तिला आत्ता आमच्यापेक्षा जास्त मदतीची गरज आहे."

डोरीनची नजर फ्रिजकडे गेली. तिथे चुंबकाखाली एक पिवळा कागद होता. सप्टेंबरात डोरीन नव्या पोरांना दोन तास शिकवायची, मित्र खचलेला दिसला तर काय बोलायचं, त्याचा कागद. पेटनने म्हटलेली तिन्ही वाक्यं त्यावर जशीच्या तशी होती. तळाशी डोरीनचं नाव.

"पाठांतर छान आहे," डोरीन म्हणाली.

"थँक यू," पेटन म्हणाली. तिला खरंच ती शाबासकी वाटली. मग आवाज खाली आणून तिने विचारलं, "साधारण कधी कळेल? म्हणजे, ती घरी जाणार असेल तर... माझी मैत्रीण दुसऱ्या इमारतीत अडकलीये, तिला सोमवारपर्यंत खोली बदलायचा अर्ज द्यायचाय. आणि खरं सांगू, तो तळणाचा वास आमच्या कपड्यांना लागतो."

मी सत्तावीस वर्षं रुग्णवाहिकेवर काढली. रक्त, ओकारी, तीन दिवस बंद घरात पडलेलं माणूस, सगळं या हातांनी उचललंय. पण त्या स्वच्छ, सुगंधी खोलीत मला जशी शिसारी आली तशी कधी आली नव्हती. केसाने गळा कापायचा, आणि केस आमच्याच डोक्याचा.

जिन्यात डोरीन थांबली. "वॉरेन, मी यांना हात कसा द्यायचा ते शिकवलं. यांनी ढकलायला वापरला."

"तुझा काय दोष त्यात?"

"दोषाचं नंतर बघू. चल."

शेल्बी पलंगाच्या आणि भिंतीच्या मधल्या फटीत बसली होती. यावेळी झोपलेली नव्हती. मी नाडी बघितली, हात बर्फासारखे. डोरीन खाली बसली, मोजे पुढे केले. शेल्बीने ते घातले नाहीत, मांडीवर धरून ठेवले.

"मी एक प्रश्न विचारणार आहे," डोरीन म्हणाली. "त्याआधी ऐक. हो म्हणालीस तर मला लिहावं लागेल. लिहिलं की आज संध्याकाळी तुला घरी पाठवतील."

"मिसुरीला?"

"मिसुरीला."

शेल्बीने मोज्यांची घडी घातली. "मग नाही," ती म्हणाली. "लिहा. नाही."

"लिहिते. तू म्हणालीस तेच लिहिते." डोरीनने लिहिलं, वेळ घातली, सही केली, कागद माझ्या हातात दिला. "आता हा कागद संपला, पुढचं लिहायचं नाही. पोरी, मला ते पटलेलं नाही."

तेव्हा शेल्बीचा बांध फुटला. काय बोलली ते मी इथे सांगणार नाही. एवढंच सांगतो की ऑक्टोबरात तिच्या मनात असलं काही नव्हतं, आणि आता होतं. बाहेर तीन माणसं आपण जायची वाट बघत बसलीत हे रोज डोळ्यांनी बघितल्यावर दुसरं काय होणार.

आमच्या गाडीतून तिला दवाखान्यात नेलं असतं तर गाडीच्या नोंदीतून ते डीनच्या टेबलावर गेलं असतं, म्हणजे पुन्हा मिसुरी. स्वतःच्या पायाने डॉक्टरकडे गेली तर ते तिचं आणि डॉक्टरचं. डोरीनचा जुना दवाखाना चाळीस मिनिटांवर होता, बस दिवसातून दोन. एकटीला पाठवायची तिची हालत नव्हती.

"किती वाजले?" डोरीनने विचारलं.

"अडीच."

"माझी पाळी संपली."

"पाळी पाचला संपते, डोरीन. आणि विद्यार्थ्याला स्वतःच्या गाडीत बसवलं तर ते तुला काढतील."

"मला ठाऊक आहे रे बाबा. हात दे, उठायचंय."

मी हात दिला. मागच्या दाराने त्या दोघी गेल्या. डोरीनच्या त्या गंजक्या गाडीत पुढच्या सीटवर बसताना शेल्बीने मोजे घातलेले मी बघितले. दवाखान्याने तिला दोन रात्री ठेवून घेतलं, आणि डोरीन दोन्ही रात्री बाहेरच्या बाकावर बसून होती. सोमवारी शेल्बी वर्गात हजर होती. डॉक्टरने दर मंगळवारची वेळ दिली होती.

सोमवारीच चौथा अर्ज आला. यावेळी डोरीनच्या नावाने. 'आम्हाला समुपदेशकबाईंची काळजी वाटते. त्या कामाच्या वेळेत स्वतःच्या गाडीने निघून गेल्या, त्यांच्यावर फार ताण असावा.' सोबत खिडकीतून काढलेला फोटो. फोटोत गाडी दिसत होती, आत कोण ते दिसत नव्हतं.

व्हिटलॉकबाईंनी मला बोलावलं. टेबलावर तोच 'काळजी' लिहिलेला कप. "वॉरेन, आम्हाला डोरीनची काळजी आहे. गाडीत विद्यार्थी होता का, एवढंच हवंय. कोण ते विचारत नाही."

माझ्या निवृत्तिवेतनाला दोन वर्षं उरली होती. बायकोचं गुडघ्याचं ऑपरेशन माझ्याच विम्यावर व्हायचं होतं. ही कारणं मी तेव्हा स्वतःला सांगितली आणि आजही सांगतो, आणि ती सगळी खरी आहेत. मी म्हणालो, "होता." खाली सही केली. डोरीनला त्याच दिवशी खोका भरायला लावला. खोक्यात फारसं काही नव्हतं, बिस्किटांचे पुडे आणि एक उशी. तिने माझ्याकडे बघून मान हलवली, रागाने नाही, आणि गेली. तिला फोन करायचं धाडस मला झालं नाही.

पुढच्या आठवड्यात दुपारी मी खानावळीत रांगेत उभा होतो. पलीकडे जाळीची टोपी घालून शेल्बी वाढत होती. चेहऱ्यावर थोडा रंग आला होता. मला बघून तिने चिमटा खाली ठेवला.

"डोरीन निवृत्त झाली," तिने काही विचारायच्या आत मीच बोलून गेलो. "गुडघ्यांमुळे."

"त्यांना काढलं," शेल्बी म्हणाली. "गाडीतच सांगितलं होतं त्यांनी मला, काढतील म्हणून. तुझ्यामुळे नाही, नियमामुळे, म्हणाल्या. दुसऱ्या कुणाकडून ऐकलंस तर स्वतःला दोष देत बसशील, म्हणून आधीच सांगते."

मी ताट पुढे केलं.

"तुमचंही सांगितलं होतं. म्हणाल्या, वॉरेनला विचारतील, आणि तो सांगेल. त्याच्यावर रागावू नकोस."

तिने माझ्या ताटात कोंबडीचे दोन तुकडे ठेवले, सगळ्यांना ठेवत होती तेवढेच, आणि मागच्याला पुढे यायला सांगितलं. मी ताट घेऊन खिडकीजवळ जाऊन बसलो. पहिला घास तोंडात बराच वेळ फिरत राहिला, आणि मग तो मी कागदात थुंकला.